मोकळं कुत्रं आणि आप्पांचे कान

वडगावकरांनो, आज सकाळी जे झालं ते लिहितेच.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बागेत फिरायला नेलतं. आप्पांनी जन्मभर पॉवरलूमवर साड्या विणल्या. मागांच्या खडखडाटात कान गेले. घरात आम्ही खुणांनीच बोलतो.

मी चपलेत गेलेला खडा काढायला थांबले, ते पुढं गेले. तेवढ्यात एक थोराड काळं कुत्रं मागनं सुटलं, सरळ त्यांच्याकडं. गळ्यात पट्टा होता, दोरी मालकाच्या हातात! मालक लांबून कुत्र्याला हाका मारत होता आणि आप्पांना ओरडून सांगत होता, "अण्णा, हलू नका! काय करत न्हाय तो!"

आप्पा आपले हात हलवत चाललेले. मी किंचाळले, तेबी त्यांना ऐकू गेलं न्हाय. कुत्र्यानं पाठीवर उडी घेतली आणि आप्पा तोंडावर पडले. पडल्या पडल्या त्यांनी हात वर करून खूण केली. कारखान्यात कुणाचा हात अडकला की करतात ती, माग बंद करा.

चावलं न्हाय. पण आप्पा तवापासून अंथरुणातनं उठले न्हाईत.

मालक वर मलाच म्हणतो, "आक्का, मी हाका मारत होतो की!"

व्हय, मारत होता. कुत्र्यालाबी हाका मारत होता. आप्पांना कान न्हाईत. कुत्र्याला तर होते न्हवं?