टेबलाच्या पलीकडची अक्षरं

"वाचनालयात संध्याकाळी चिनी शिकवतात. मी नाव घालून आलेय," आमची ही एक दिवस म्हणाली.

"बरं झालं," मी म्हटलं. "मराठीत भांडून कंटाळाच आला होता."

ती हसली नाही. तेव्हा मी पेपर खाली ठेवला.

ही घरबसल्या शिवणकाम करते. लोकांच्या पॅन्ट्स आखूड कर, चेन बदल, कॉलर उलटव. शाळेशी तिचं हाडवैर होतं, त्यामुळे साठी उलटल्यावर वर्गात जाऊन बसायची हौस हिला नक्कीच नव्हती. कारण एकच, आमची नात. सूनबाई चिनी बोलणाऱ्या घरातली. मुलगा आणि ती भांडण न करता वेगळे झाले, आणि नातीला घेऊन ती दूर माहेरी गेली. त्याआधी नात शाळेतून थेट आमच्याकडे यायची. कापड बेतायच्या टेबलाशी बसून आईने दिलेली अक्षरं गिरवायची, आणि समोर ही टाके उसवत बसायची.

आता फोनवर दुधाची तहान ताकावर भागवायची. त्यातही पोरीचं मराठी आटत चाललंय. पूर्वी तोंडाचा पट्टा चालायचा. आता "हो आजी", "जेवले आजी", संपलं. मलाही तिची फार आठवण येते, पण मी पडलो पुरुषमाणूस, पेपर वाचतो.

"सुट्टीत ये, हे मीच तिला सांगणार," ही म्हणाली. "तिच्या अक्षरांत. म्हणजे तिला नीट कळेल."

पहिल्या दिवशी मी सोबतीला म्हणून मागच्या बाकावर बसलो. कुणाला काही येतं का, असं बाईंनी विचारलं. हिचा हात वर. फळ्याजवळ जाऊन तिने 'माणूस' हे अक्षर लिहिलं आणि वर्गात खसखस पिकली. चिनी माणूस दोन तंगड्या फाकून उभा असतो. हिचा तंगड्या वर करून. पुढची दोन अक्षरंही शीर्षासनात. हसणाऱ्यांचा मला असा राग आला!

बाई हसल्या नाहीत. "कुणाच्या तरी समोर बसून शिकलात का?" त्यांनी विचारलं.

"नातीच्या," म्हणत हिने मान डोलावली आणि डोळे पुसले.

मग सगळं पहिल्यापासून. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. रेघ कुठून निघते तेसुद्धा बघतात म्हणे. बाई म्हणाल्या, घरी नातीच्या जागेवर बसून लिहा. ही तयार होईना. "तिथून तिचा हात दिसत नाही," म्हणाली.

"तसाही कुठे दिसतोय," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ती त्या खुर्चीत बसली. शिवणाच्या खडूने चिंधीवर लिहायची, झटकायची, पुन्हा लिहायची. समोर मी बसायला लागलो. पण नात ती नात.

सुट्टीच्या आधीच्या रविवारी फोन लावला. 'परत ये' म्हणायचं अक्षर म्हणजे मोठ्या चौकोनात छोटा चौकोन. टेबलाच्या या बाजूला बसा की त्या, सारखंच दिसतं. हे एक आपल्याला येतंच म्हणून हिने बाईंना विचारलंही नव्हतं. मी फोन धरला. हिने कागदावर मोठा चौकोन काढला, मग आत छोटा.

"आजी, चुकलं," नात म्हणाली. "आधी दार लावलंस. माणसं बाहेर राहिली. आधी आतलं काढायचं, मग खालची रेघ."

कितीतरी दिवसांत पोर एवढं बोलली नव्हती. हिचा चेहरा उजळला. तिने तीन बाजू काढल्या, आत छोटा चौकोन काढला, आणि खालची रेघ न ओढताच पेन उचललं.

"मग कधी येतेस ते सांग. तोवर दार उघडं ठेवते."

नातीने मान वळवून काहीतरी विचारलं. सूनबाई दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. हळू, समजावणीचा, बराच वेळ. आम्हाला एक शब्द कळला नाही, पण 'हो' म्हणायला कुणाला इतका वेळ लागत नाही.

नात पुन्हा आमच्याकडे वळली. मराठी शब्द शोधत असावी. सापडला नाही.

"आजी," ती म्हणाली, "रेघ ओढ ना."

हिने ओढली. डावीकडून उजवीकडे, अगदी सरळ.

"आता बरोबर," नात म्हणाली.