आवाज फाटतो म्हणे माझा!

माझा आवाज जाड आहे. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत उभं करायचे. मला त्याची लाज कधी वाटली नाही. कर्जतजवळच्या आमच्या छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला मी हाच आवाज घेऊन गेले आणि निवडलीही गेले. रोज सकाळी बाजारभाव, हवामान आणि पिकांचा सल्ला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मग केंद्रानं नवा प्रोसेसर घेतला. स्टुडिओतला आवाज टॉवरवर जाण्याआधी या पेटीतून जातो. जाड-बारीक आवाजाच्या पट्ट्या ती वेगळ्या करते, कमी-जास्त करते आणि पुन्हा एकत्र मिसळते. ती जुळवायला आमच्या सरांनी, म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापकांनी, कोणाला बोलवावं? मिरवणुकीत डीजे लावणाऱ्याला! तालुक्यात आवाजातलं कळणारा तोच, असा त्यांचा ठाम समज. त्यानं स्पीकरसमोर उभं राहून छातीवर तळहात ठेवला आणि हाताला धक्का जाणवेपर्यंत खालच्या पट्ट्या चढवत नेल्या. सर खूश. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरवाले तर बेहद्द खूश.

आणि माझा आवाज फाटायला लागला. "ताई, घसा बसलाय का? सुंठ घ्या जरा," असे फोन यायला लागले. "कांद्याचा भाव काय सांगितला, कायबी कळलं न्हाई," असेही. थोड्याच दिवसांत सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज एफएमला चालत नाही. तुम्ही ऑफिसचं काम बघा. सकाळसाठी बारीक आवाजाची मुलगी शोधतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस चाललेला आवाज पेटी बदलल्यावर बरा चालेनासा झाला! मी त्या पेटीचं माहितीपुस्तक घेऊन बसले. इंग्रजी अडलं तिथे मोबाईलला विचारलं. त्यात 'बेस क्लिपिंग' सापडलं: ठरावीक उंचीच्या वर गेलेल्या जाड आवाजाचे शेंडे कापणारी कात्री. ढोलाचे शेंडे कापले तर कानाला फारसं कळत नाही, माणसाच्या आवाजाचे कापले की तो खरखरतो. माझ्या आवाजाचा खालचा भाग नेमका ढोलाच्या पट्टीत होता.

सर मीटिंगला नगरला गेले, त्या दुपारी मी पेटीला हात लावला. कोणाला विचारलं नाही. माझंच सकाळचं रेकॉर्डिंग प्रसारणावर लावलं आणि खिशातला रेडिओ कानाला धरला. आधी कात्री वर उचलली. खरखर गेली, पण मागे वाजणाऱ्या धुनीतल्या प्रत्येक ठोक्याला माझे शब्द खाली दबायला लागले. तेव्हा लक्षात आलं की कात्रीचा दोष नाही, तिच्याखाली कोंबलंच फार जातंय. मग कात्री जवळपास पहिल्या जागी आणली आणि खालच्या दोन पट्ट्यांचं मिश्रण उतरवत गेले. रेडिओ घेऊन शेजारच्या वावरात गेले. तिथे बाया काढलेल्या कांद्याची पात कापत होत्या.

"कळतंय का बोललेलं?"

"कळतंय की! पर सकाळी का आसं घोगरं बोलत हुता?" एकीनं विचारलं. मला हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यांच्या तक्रारी सरांपर्यंत पोचल्या. "कोणी हात लावला?" मी म्हटलं, "मी." रागावले, पण माझा सकाळचा कार्यक्रम ऐकून त्यांनाही फरक कळला होता. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या तासापुरती तुमची जुळवणी ठेवू, बाकी दिवसभर डीजेवाल्याची."

माझी जागा वाचत होती. गप्प बसले असते तर भागलं असतं. पण दुपारी शेतकऱ्यांचे फोन थेट प्रसारित होतात, आणि तेही जाड आवाजाचेच गडी. त्यांचंही बोलणं फाटत होतं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं इतकंच.

"नाही," मी म्हटलं. "एक तर दिवसभर ही जुळवणी, नाहीतर बारीक आवाजाची मुलगी शोधा. आणि मग तुम्हीच माईकवर सांगा, जाड आवाजाच्या माणसांनी इथे फोन करू नये."

सरांनी पेटीकडे हात नेला. तो न लावताच मागे घेतला. मग "आज राहू दे, उद्या बघू," म्हणून बाहेर गेले.

त्याच दुपारी पहिला फोन एका ट्रॅक्टरवाल्याचा आला. भयंकर चिडलेला. "बेस पार घालवला की ओ तुमी! गाण्यात काय दमच राह्यला न्हाई. कुनी केला ह्यो शानपना?"

घोगरा, जाडाभरडा आवाज. मी फोन कापला नाही. त्याला पोटभर भांडू दिलं, आणि त्याचा शब्द न् शब्द सगळ्या तालुक्याला स्पष्ट ऐकू गेला.