मामाचा चौकोन

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.एस्सी. कुंभार पिंपळगावच्या बाजारात वडील भाजी घेता घेता हे सांगायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. म्हणूनच बहिणीच्या मुलाच्या आजाराचे कागद माझ्याकडे आले.

पोरगा सहा वर्षांचा. पायांतली ताकद झिजत चाललेली. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार दुर्मिळ आहे." आईनं घाबरत विचारलं, "दुर्मिळ म्हंजे चांगलं ना?" कुणी हसलं नाही.

बाईंना आपल्या भागातल्या अशा मुलांवर संशोधन करायचं होतं. निधी देणाऱ्या संस्थेनं एकदा नकार दिला होता, मुलं फार थोडी म्हणून. दुसरा अर्ज सोमवारी जायचा होता. एकाच घरात दोन पिढ्यांत आजार दिसला तर अर्जाला वजन येणार होतं. मंजूर झाला तर भाच्याच्या तपासण्या इथंच होणार होत्या, नाहीतर काहीच नाही.

"घरात आणखी कुणाला?" या रकान्यात मी "नाही" लिहून मोकळी झाले. माझा मामा लहानपणी गेला होता, पण तो चिंचेवरून पडून. सगळ्यांना माहीत होतं.

मी सहज मामाचं सांगितलं, तेव्हा बाईंनी फोनवर विचारलं, "पडला म्हणून चालणं बंद झालं, की चालता येईना म्हणून पडला?"

मी फोन ठेवून बाहेर आले.

आई अंगणात मूग निवडत होती.

"आई, मामा पडायच्या आधी बराबर चालायचा का?"

"कशाला पाह्यजे तुला?"

"अर्जात लिहायचंय."

"बिलकुल लिहू नको. पुढच्या महिन्यात पाव्हणे येऊन राह्यले तुला बघायला. एवढी शिकली, अन् एवढं कळंना का गं?"

तेवढ्यात तिथंच खेळत बसलेला भाचा जमिनीवरून उठायला लागला. आधी हात घोट्यांवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा. आईनं सुपातून मान वर केली नाही.

"असाच उठायचा," ती म्हणाली. "झाडावर तर कोणी तरी बसवून गेल्तं त्याला. मंग पडला. आम्ही तेवढंच सांगत गेलो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुम्ही दोघी पोरी झाल्या तवा लोक नाही ते बोलले. मला मात्र जिवाला बरं वाटल्तं."

मी वंशावळीचा तक्ता काढला. पुरुषाचा चौकोन, बाईचा गोल. ज्याला आजार त्याचा काळा, म्हणून भाच्याचा चौकोन काळा. मामाचा मी भीत भीत अर्धाच रंगवला. आईच्या आणि बहिणीच्या गोलात टिंब.

"ही टिकली कशाची?" आईनं विचारलं.

"आपल्याला काही होत न्हाई. आपल्या मुलग्यांत उतरतं. त्याची खूण."

"अन् तुझ्यात?"

माझा गोल रिकामा होता. तपासणी होईपर्यंत तिथं प्रश्नचिन्ह लावा, असं बाईंनी सांगितलं होतं. बी.एस्सी.ला असले तक्ते मी फळमाश्यांच्या आणि वाटाण्याच्या नावानं भराभर सोडवले होते, पूर्ण मार्क घेतले होते. आता पेन उचलेना. शेवटी प्रश्नचिन्ह लावलं.

आईनं कागद स्वतःकडे ओढला. पाव्हण्यांचं नाव काढील, कागद फाडील, असं मला वाटत होतं. तिनं मामाच्या चौकोनावर मुगाची धूळ लागलेलं बोट ठेवलं.

"हा अर्धाच काळा दिसून राह्यला. नीट भर."

मी भरला. माझ्या गोलाकडे तिनं बोट नेलं नाही.

अर्ज सोमवारी गेला. उत्तर अजून आलेलं नाही, आणि माझी तपासणीही मी अजून केलेली नाही.