सारंगाचा शब्द

तीस वर्षं समुद्रावर काढून तो सारंग झाला होता. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. दोर, साखळ्या, नांगर, सगळं त्याच्या नजरेखाली. तो येताना दिसला की खलाशी हातातली सिगारेट विझवत. पण हुद्दा तसा अधांतरीच. खलाशांत सगळ्यांत मोठा, साहेबांत कोणीच नाही.

त्याच्या हाताखालचा तांडेल, म्हणजे खलाशांतला दुसरा म्होरक्या, वीस वर्षांचा सोबती. घरंही एकाच गल्लीत. तांडेलाच्या घोरण्याची तो रोज थट्टा करी. "तू झोपलास की जहाजाला भोंगा लागत नाही."

त्या दुपारी जहाज धक्क्याला लागत होतं. पुढच्या दोराचे पीळ सुटलेले सारंगाने पाहिले. ड्युटीवरच्या नव्या साहेबाला तो म्हणाला, "साहेब, हा दोर ताण घेणार नाही. दहा मिनिटांत बदलतो."

"वारा वाढतोय. ओढा."

सारंग गप्प बसला. हुकूम आला की हात चालायचे, ही तीस वर्षांची सवय. त्याने माणसांना खूण केली. दोर तुटला आणि त्याचं सुटलेलं टोक तांडेलाच्या छातीवर आदळलं. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तांडेलाच्या घरी सारंग स्वतः गेला. तांडेलाची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "भावोजी, दोर खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "होतं, वहिनी."

"मग?"

तिने पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि आत निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

पुढच्या सफरीत पुन्हा तीच वेळ आली. साहेब दुसरा, दोर दुसरा. "दोर बदलल्याशिवाय माझी माणसं पुढे होणार नाहीत," सारंगाने सरळ सांगून टाकलं. साहेब लालबुंद झाला, पण दोर बदलला. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. सफर संपली आणि कंपनीने सारंगाला पुन्हा बोलावलं नाही.

आता तो घरीच असतो. बायको समजूत घालते, "माणसं वाचवलीत ना तुम्ही?"

"‘माझी माणसं पुढे होणार नाहीत’, एवढंच तर बोलायचं होतं," तो म्हणतो. "तेव्हा बोललो नाही."

बाजाराला जायचं तर तांडेलाचं दार वाटेत लागतं. म्हणून तो मागच्या गल्लीने, लांबून जातो.