पुढचं चाक हवेत

दवाखान्यात सगळे तिला प्लास्टरताई म्हणायचे. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि हाड जुळलं की ते कापून काढायचं, हे तिचं काम. वय चाळिशीपुढचं, अंगकाठी शिडशिडीत, बोलणं मोजकं. कामावर ती मोटरसायकलने यायची आणि हेल्मेट प्लास्टरच्या बादलीशेजारी ठेवायची. एका चाकावर गाडी चालवायला जाऊन हाडं मोडून घेतलेली पोरं तिच्या टेबलावर नेहमीच असत. त्यांना ती रागवायची नाही. तेवढा वेळच नसायचा.

एका सुट्टीच्या सकाळी ती गावाबाहेरच्या बंद गोदामावरून जात होती. आतल्या सिमेंटच्या आवारात तिला गावातला टायरचा दुकानदार, टायरवाला, मोटरसायकलवर दिसला. मागे कधीतरी त्याचा घोटा तिनेच बांधला होता. तो पुढचं चाक उचलून, अगदी सावकाश, खुर्चीत बसून चहा प्यावा तसा निवांत चालला होता. भिंतीपाशी पोचल्यावर त्याने चाक अलगद खाली टेकवलं आणि वळला. ती फाटकाशी उभी राहून बघतच राहिली. तिच्यापुढे यायचे ते सगळे पडलेले. न पडता एका चाकावर जाणारा ती पहिल्यांदाच बघत होती.

तेव्हापासून तिच्या डोक्यातून ते जाईना.

हे शिकायचंय असं तिने घरी सांगितलं तेव्हा नवरा बुटांना पॉलिश करत होता. तो शाळेची बस चालवायचा आणि इतक्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा आला नव्हता. आधी त्याला गंमतच वाटली. मग त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"हात मोडला तर प्लास्टर घालता येतं," तो म्हणाला. "मान मोडली तर काय घालतेस?"

 पुढचे बरेच दिवस ती हातातलं काम चालू ठेवून मनात हेच घोळवत राहिली. टेबलावर येणारे बहुतेक जण भर रस्त्यावर, हेल्मेटशिवाय, मित्रांसमोर मिरवायला गेलेले असत. चाक उचलायला सगळे शिकलेले, खाली आणायला कुणीच नाही. हे सगळं टाळता येण्यासारखं होतं. पण एखादा असाही यायचा, ज्याचं काही म्हणजे काही चुकलेलं नसायचं. 

तिने नवऱ्याला तेही सांगितलं, काही लपवलं नाही. "धोका कमी करता येईल, पण पुरता जाणार नाही," ती म्हणाली. "तरी मला शिकायचंय. तुम्हाला न सांगता मात्र शिकणार नाही."

 हो असं नवरा म्हणालाच नाही. एवढंच म्हणाला, "रस्त्यावर नाही."

"रस्त्यावर कधीच नाही."

टायरवाल्याने आधी तिला उडवूनच लावलं, पण ती दर सुट्टीला त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागली तेव्हा त्याने हात टेकले. गुडघ्याला, कोपराला, पाठीला जाड पट्टे बांधल्याशिवाय तो तिला गाडीवर बसू देत नसे. शिकवायला सुरुवात त्याने मागच्या ब्रेकपासून केली. चाक फार वर गेलं की उजव्या पायाने ब्रेक दाबायचा, लगेच पुढचा भाग खाली येतो. माणूस घाबरला की हँडल आवळून धरतो, मनगट मागे वळतं, रेस वाढते आणि गाडी उलटी अंगावर येते, हे त्याने तिच्याकडून घोकून घेतलं.

आणि नेमकं तेच झालं. क्लच जरा जोरात सुटला, पुढचं चाक छातीच्या वर गेलं, तिने हँडल आवळलं आणि ती पाठीवर आपटली. गाडी घसरत पुढे गेली. पडताना हात टेकू नका, असं ती सगळ्यांना सांगायची. तिने हातच टेकला होता.

मनगट मोडलं. एक्स-रे काढून ती आपल्याच खोलीबाहेरच्या बाकावर रांगेत बसली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कशाने पडलीस म्हणून विचारलं, तर तिने खरं ते सांगून टाकलं. अख्खा बाक वळून तिच्याकडे बघायला लागला.

"मग उचललं होतंस का चाक?" बाईंनी विचारलं.

"उचललं होतं. खाली आणता आलं नाही."

बाईंनी मान हलवली. यात आता बोलण्यासारखं काही नाही, अशी.

हात गळ्यात बांधून घरी बसणं तिला दुखण्यापेक्षा जड गेलं. तिचं काम दवाखान्यातल्या तिच्या सोबतिणीच्या अंगावर पडलं होतं. सोबतीण कुरकुर न करता दोघींचं काम ओढत होती, आणि ते तिला जास्तच टोचायचं. सोडून द्यावं, असं तिच्या मनात एकदा नाही, अनेकदा आलं. पण विचार केला की दरवेळी ती एकाच जागी येऊन थांबायची: ब्रेक घोकूनही आपण का पडलो, हे कळल्याशिवाय सोडायचं नाही.

हात बरा होऊन कामावर रुजू झाल्यावर तिने पुन्हा जाणार असल्याचं घरी सांगितलं. नवऱ्याने बसची चावी खुंटीला लावली आणि तिच्याबरोबर निघाला. गोदामाच्या आवारात तो भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. तिने चाक वीतभर उचललं, टेकवलं, परत उचललं. टायरवाला तिच्या हातांकडे बघत होता. थोड्या वेळाने नवरा जवळ आला.

"तुझा उजवा पाय बघ," तो म्हणाला. "चाक उठलं की तो ब्रेकवरून सुटतो. दरवेळी."

टायरवाल्याने वाकून पाहिलं. खरंच सुटत होता.

मग कित्येक सुट्ट्या तिने दुसरं काही केलंच नाही. थोडं उचलायचं, पायाने खाली आणायचं. नवरा भिंतीपासून नुसता "सुटला" किंवा "राहिला" एवढंच सांगायचा. "सुटला" कमी होत गेलं, मग ऐकूच येईना.

उन्हं चढलेल्या एका सकाळी पुढचं चाक वर गेलं आणि तिथेच राहिलं. अंग हलकं झालं. तिने पायाने जरासं दाबलं, चाक थोडं खाली आलं. रेस दिली, पुन्हा वर गेलं. आता ते तिचं ऐकत होतं. आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती तशीच गेली आणि भिंतीच्या बरंच अलीकडे तिने चाक अलगद टेकवलं. हेल्मेट काढलं तेव्हा ती घामाने निथळत होती आणि हसत होती. नवऱ्याने जवळ येऊन तिचं मनगट हातात घेतलं, वळवून पाहिलं आणि सोडलं.

पुढे टायरवाला एकदा म्हणाला, की जत्रेच्या मैदानावर लोकांसमोर करून दाखवा, आता येतं तुम्हाला. लोक बघायला लागले की आपण थोडं जास्त करायला जातो, म्हणून तिने नको म्हटलं. ती अजूनही सुट्टीला सकाळी गोदामाच्या आवारात जाते. आधी ब्रेक तपासते, पट्टे बांधते. थकली आहे असं वाटलं, तर गाडी चालू न करताच परत येते.