व्हॅनिटीतलं कुंकू

आमच्याकडे एक व्हॅनिटी व्हॅन आहे. शूटिंगला नटनट्यांना बसायला, तयार व्हायला लागते ना, ती चाकांवरची खोली. आत आरसा, सोफा, एसी, मागे संडास-न्हाणी. गाडी चालवतात माझे मिस्टर, आणि आतलं वीज-पाणीही तेच बघतात. मरोळच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर वर्षभर हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ही जुनी गाडी घेतली आणि परत माणसात आला. गाडी चालू तर हे चालू, असं मी मुलीला म्हणायचे.

मग गाडीला वास यायला लागला. तक्रारी झाल्या, कामं येईनाशी झाली, आणि हे पुन्हा भिंतीकडे वळले. जेवायला बोलावलं तरी खेकसायचे. शेवटी मालाडला, मार्व्याच्या बाजूला, एका मालिकेचं काम मिळालं. पण तिथल्या मॅनेजरने आधीच बजावलं, वास आला तर गाडी गेटवरूनच परत जाईल. हे काम गेलं असतं तर ह्यांना दुसऱ्यांदा उठवायची ताकद माझ्यात नव्हती. म्हटलं, बघतेच आता ह्या गाडीकडे.

घासण्याच्या बाबतीत मी माझ्या सासूची सून आहे. चाळीत दसऱ्याच्या आधी ती डब्यांपासून देवाच्या घंटेपर्यंत सगळं खसाखसा घासायची आणि मग प्रत्येक वस्तूला ताजं कुंकू लावायची. मी पदर खोचला, फिनेल, भांड्याची पावडर आणि जुने टूथब्रश घेतले आणि गाडीत शिरले. सोफ्याची गादी उचलली तर खाली पिना, सिगरेटची थोटकं, वाळलेली लिंबाची फोड आणि खोट्या पापण्या. त्या मला आधी गोम वाटल्या, मी चप्पलसुद्धा उगारली. आरशाभोवती पावडरीचा थर इतका चिकट की सुरीने खरवडावा लागला. न्हाणीतल्या जाळीखालून जे निघालं त्याबद्दल न बोललेलंच बरं. या मोठ्या लोकांचं सौंदर्य कशाकशावर उभं असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

गाडीच्या खोडीही हळूहळू कळत गेल्या. न्हाणीचं दार खालून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. फ्रिज चालू असला की पुढच्या खोलीतले दिवे रडायला लागतात. बाकी वायरी, बटणं, नळ यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते ह्यांचं राज्य.

त्या राज्यात जिकडे तिकडे कुंकू होतं. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी हे उदबत्ती ओवाळून कुंकवाचं बोट लावायचे. कुठल्या बटणावर एक बोट, कुठे दोन, कुठे तीन. मैल्याच्या टाकीच्या नळाला एक आणि शेजारच्या पाइपला एक. अलीकडे तर फारच वाढलं होतं. "अहो, संडासाच्या नळालाही देव केलात की काय?" असं मी एकदा चिडवलं होतं. ते हसले नव्हते. तेलात कालवलेलं ते कुंकू धूळ बसून काळं, ओशट झालं होतं. मी लिंबू लावून एकूणएक बोट घासून काढलं. नवी पूजा करतील की, असा विचार केला.

सकाळी निघण्याआधी सगळं चालू करून बघायला हे आले, तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. कौतुक ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू! त्यांनी दारातच खोल श्वास घेतला. "झकास केलंस गं." मग बटणांच्या फळीपुढे उभे राहिले. एक दाबलं, दिवे लागले आणि लगेच सगळं बंद पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. मग नुसताच हात फळीवरून फिरत राहिला.

"कुंकू कुठाय?"

"पुसलं. किती मेणचटलं होतं! तुम्ही ताजं लावा ना."

"कुठे लावू?"

मला वाटलं, मस्करी करतायत. "देवाला बोट लावायला जागा विचारतात का?" मी म्हटलं. ते मागे गेले आणि त्यांनी टाकीचा नळ फिरवला. न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर आलं आणि मी घासलेल्या लादीवर पसरलं. मी ओरडले, "अहो, बंद करा!" त्यांना कुठल्या बाजूला बंद करायचा तेच कळेना. दोन्ही हातांनी नळ धरून ते तसेच उभे. शेवटी मीच कसाबसा आवळला.

हे पायरीवर जाऊन बसले. त्यांची आई गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती. "माका आठवत नाय गो," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"आधी फक्त पंपाचं विसरायचो. त्याला एक बोट लावलं. मग एसीचं, मग नळाचं. चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या तर सगळ्यांनी विचारलं असतं. देवाचं म्हटलं की कोण विचारतंय?"

मला इतका राग आला, त्यांचा, माझा, त्या लिंबाचा, की रडूही येईना. मी मॅनेजरला फोन लावला आणि गाडी नादुरुस्त आहे, येणार नाही, असं सांगितलं. गाडीबद्दल कोणी वाकडा शब्द काढला तर भांडायला उठणारा माणूस, शेजारी बसून मुकाट ऐकत होता. काम गेलं. मी हात पुढे केला तशी त्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली, तीही न भांडता.

गाडी तिथेच तळावर ठेवून रिक्षाने घरी आलो. आमच्या मजल्यावर सगळी दारं सारखीच, तपकिरी. हे पुढे झाले. पहिल्या दाराशी वाकून चौकट बघितली, पुढे सरकले. दुसऱ्या दाराशी वाकले, पुढे सरकले. आमच्या दाराच्या चौकटीवर, बेलच्या जरा खाली, कुंकवाचं एक बोट होतं. त्याच्यावर अंगठा ठेवून त्यांनी खात्री केली आणि मग कुलपात किल्ली घातली.

ती चौकट मी रोज पुसते. दारावरचं कुंकू पुसू नये म्हणून तेवढी जागा सोडते. सोडली नसती तर हा माणूस कुठल्या दारात उभा राहिला असता, या विचाराने मी जिन्यातच बसले. आतून ते विचारत होते, "येतेस ना गं?"