कापसाच्या रांगेत वाचलेली कादंबरी

मी एक कादंबरी लिहिली आहे, ही गोष्ट मी पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगतो, अशी माझ्या बायकोची तक्रार आहे. तक्रार खोटी आहे. पाणी ती देते. मी फक्त मधला वेळ भरून काढतो.

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि हिंगणघाटात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शेती मोठ्या भावाकडे. मला वडिलांनी दोनदा वखरावर उभं करून पाहिलं आणि तिसऱ्या वेळी स्वतःच म्हणाले, "याले चाकाचं काई शिकवा. जमिनीचं याच्यानं होत नाई." म्हणून सायकली. आणि गिऱ्हाईक नसताना करायला काही हवं, म्हणून कादंबरी.

कादंबरी धाडसी होती. एक तरुण, जंगलातला पडका किल्ला, पुरलेली पेटी, डाकू, वाघ आणि शेवटी महापूर, एवढं सगळं मी एकशे वीस पानांत बसवलं होतं. प्रकरणं वीस आणि प्रत्येक सहा पानांचं, कारण सातव्या पानाला माझा दम संपायचा. पुस्तकाचं नाव इतकं लांब होतं की मुखपृष्ठावर चित्राला जागाच उरली नाही. छापायला कोणी तयार होईना, तेव्हा मीच वर्ध्याला जाऊन छापून आणलं. छापखानेवाल्यानं विचारलं, "प्रकाशक कोण?" मी त्याच्यासमोर दुकानाचं पावतीपुस्तक ठेवलं. त्यानं ते इमानदारीनं उतरवून घेतलं. त्यामुळे आतल्या पानावर माझ्या नावाखाली 'सर्व प्रकारच्या सायकली खात्रीने दुरुस्त होतील' असं छापून आलं. पुढं एका वाचकानं सांगितलं की सबंध पुस्तकात तेवढं एक वाक्य त्याला पटलं.

गठ्ठे घरी आले. बायकोनं त्यांच्यावर चादर टाकली आणि त्याचा दिवाण केला. येणारा-जाणारा माझ्या साहित्यावर बसून चहा पिऊ लागला.

मला हे पुस्तक एकाच ठिकाणी पाहायचं होतं, गावच्या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात. तिथं बसून मी वाचायला शिकलो होतो. वाचनालयाचे सचिव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी माझी प्रत उलटीसुलटी करून पाहिली.

"छापलेलं पुस्तक वेगळं आणि छापून घेतलेलं वेगळं," ते म्हणाले. "उद्या बाजारातला प्रत्येक जण एकेक पुस्तक छापून आणेल. कपाट एकच आहे."

"सर, एकदा वाचून तर पाहा."

"मी वाचून काय होणार? तुमच्या नात्यातला नाही असा एक माणूस आणा, ज्यानं हे शेवटच्या पानापर्यंत नेलं आहे. संक्रांतीआधी सभा आहे. नाही आणलात, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

एक माणूस! मला हसूच आलं. प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि छातीचा फुगा करून घरी आलो.

पुढचे दोन महिने मी सायकली कमी आणि वाचक जास्त दुरुस्त केले. वर्ध्याच्या एका वकीलसाहेबांना प्रत दिली. त्यांनी पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवली. अकराव्या पानापर्यंत ऱ्हस्व-दीर्घ तपासलेलं होतं. तिथून एक लांब रेघ पानाच्या खाली उतरून बाहेर गेली होती. साहेबांना तिथं झोप लागली असणार. निरोप मात्र आला, "होतकरू आहे."

सूतकताईचे वर्ग घेणारे एक खादीधारी गृहस्थ चौतिसाव्या पानापर्यंत पोचले. तिथं माझा नायक धोतर फाडून जखम बांधतो. ते थेट दुकानात आले आणि म्हणाले, "धोतर खादीचं होतं की गिरणीचं?"

मी खरं तेच सांगितलं, की असा विचारच केला नव्हता.

"ज्या लेखकाला आपल्या नायकाच्या धोतराची फिकीर नाही, त्याच्या पेटीत काय निघणार?" असं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्या पंपाशेजारी ठेवलं.

गिरडच्या बाजूच्या जंगलात काम करणारे एक गोंड काका चेन बसवायला येत. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाघाचं प्रकरण मीच वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते, मग हसू लागले. "तुमचा वाघ लई बोलते, भाऊ. इतका डरकाळत आला त सांबर त्याच्यासाठी उभं राहीन काय? वाघ आला हे आमाले माकडं सांगते. वाघ नाई सांगत." पुढचं ऐका म्हटलं, तर म्हणाले, "वाघाचं तं झालं. पेटीशी मले का काम?" आणि सायकलवर बसून गेले.

अभिप्राय म्हणाल तर हवे तेवढे होते. कोणाला पुस्तक भडक वाटलं, कोणाला मिळमिळीत. एकाच प्रकरणाला एक जण खोटं म्हणाला, दुसरा म्हणाला हे माझ्या मामाच्या बाबतीत घडलेलं आहे. शेवट मात्र कोणीच पाहिला नव्हता. आणि माझ्या मते मी त्यात काही बरं लिहिलं असेल तर तो शेवटच होता.

सभेचा दिवस उजाडला. नेमका कापसाच्या बाजाराचा दिवस. भावाची बंडी पहाटेपासून रांगेत लागली होती. मी त्याच्यासाठी भाकरीचा डबा घेऊन गेलो. कापसानं ठेचून भरलेल्या बैलबंड्या पार नाक्यापर्यंत उभ्या होत्या आणि रांग जागची हलत नव्हती.

"काऊन रे, तोंड काऊन उतरलं?" भावानं विचारलं. मी सांगितलं.

त्यानं रांगेकडे एकदा पुढून मागंपर्यंत पाहिलं. "मंग इथं वाच."

"इथं?"

"दुसरीकडं आयकणारा उठून जाते. इथून कोण जाईन? बंडी सोडून गेला त नंबर गेला."

भावानं माझं साहित्य वाचलं नव्हतं, पण माझी गरज मला समजली नव्हती इतकी त्याला समजली होती. मी बंडीवर चढलो. कापसावर उभं राहता येत नाही, हे मला तिथं कळलं. कमरेपर्यंत खाली गेलो आणि तसाच रुतून पहिलं प्रकरण सुरू केलं.

पुढच्या बंडीवर समुद्रपूरकडचा एक म्हातारा शेतकरी होता. आमची ना ओळख ना पाळख. त्यानं मागं वळून भावाला विचारलं, "औषध इकते काय हा?"

"नाई काका, पुस्तक वाचून राह्यला."

"फुकट?"

"हाव."

"मंग वाचू दे."

चौथ्या प्रकरणाला आजूबाजूचे पाच-सहा जण चाकांना टेकून उभे होते. सातव्याला विडी पेटवायला कोणी बाजूला जाईना. माझा आवाज चढू लागला. आणि नवव्या प्रकरणात मी आपटलो.

नवव्यात डाकू मागं लागलेले असतात. नायक बंडी पळवत असतो आणि डावा बैल लंगडू लागतो. तेव्हा तो चपळाईनं खाली उतरून डावा बैल उजवीकडे आणि उजवा डावीकडे जुंपतो, आणि जोडी वाऱ्यासारखी सुटते. हे मी वाचलं आणि चाकांना टेकलेले सगळे सरळ उभे राहिले.

म्हातारा म्हणाला, "थांब. का केलं त्यानं?"

मी पुन्हा वाचलं.

"अन बैल चालले?"

"चालले."

"कोनाचे बैल होते बाप्पा ते? माह्या जोडीले दहा वर्सं झाले. डाव्याले उजवीकडं बांधून पाह्य, तुह्या अंगावर येते थो."

एक तरुण गाडीवान माझ्या बाजूनं उठला. "डाकू मांगं असल्यावर बैलालेई समजते, काका!"

"समजते काय? सोड बैल. आत्ताच पाहू."

मी नको नको म्हणेपर्यंत म्हाताऱ्याचे बैल जुवातून निघाले होते. बाजू बदलून जुंपले. दोन्ही बैलांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं कोणी परक्याच्या घरात जेवायला बसवलं आहे. मग एक पुढं निघाला, दुसरा मागं सरला आणि बंडी गिरकी घेऊन चहाच्या टपरीच्या बाकड्यावर गेली. बाकड्यावरचे तिघं उड्या मारून वाचले. सगळी रांग पोट धरून हसत होती. सायकलचं डावं पायडल उजवीकडे बसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बैलांचंही तसंच असतं, हे लिहिण्याआधी भावाला विचारावं असं मला सुचलं नव्हतं.

संपलं, असं मला वाटलं. पुस्तक मिटून मी खाली उतरू लागलो, पण कापसातून पाय निघेना.

म्हातारा बैल पुन्हा नीट जुंपत होता. मान वर न करता म्हणाला, "कुठी चालला? बैल जागच्या जागी ठेव, अन समोर वाच. त्या पोट्ट्याच्या मांगं डाकू लागले हायेत ना?"

मी वाचलं! बैल जागच्या जागी ठेवून वाचलं. तिथल्या तिथं नायकाला उतरवून लंगड्या बैलाच्या खुरातला काटा काढायला लावला, तर चारही बाजूंनी "हाव, आत्ता बराबर" असा आवाज आला. बारावं, तेरावं, चौदावं. दुपार झाली, घसा बसला. कोणीतरी पाणी दिलं, कोणीतरी आपली भाकरी दिली. अठराव्या प्रकरणात पूर आला. एकोणिसाव्यात नायक पाण्यात होता, एका हातात पेटीचा दोर आणि दुसऱ्या हातात बैलाचा कासरा. तेवढ्यात पुढून हाळी आली. म्हाताऱ्याचा नंबर लागला होता.

कापसाच्या रांगेतला नंबर कोणी सोडत नाही. त्यासाठी माणसं बंडीखाली झोपतात, भावाभावांत भांडतात. म्हातारा जागचा हलला नाही.

"चला ना काका!" मागून एक जण ओरडला.

"तुमी व्हा समोर," म्हातारा म्हणाला. "मी आयकून राह्यलो."

वीस प्रकरणं लिहून मला जे वाटलं नव्हतं, ते त्या तीन शब्दांनी वाटलं. शेवटची पानं मी कशी वाचली, कोण जाणे.

संध्याकाळी वाचनालयात सभा बसली होती. बाहेर चाकांचा खडखडाट झाला. सचिव दारात आले, तर समोर नऊ रिकाम्या बंड्या एकामागं एक. मी म्हणालो, "सर, शेवटपर्यंत गेलेला एक माणूस मागितला होतात."

सगळं ऐकून ते म्हणाले, "पण यांनी वाचलं नाही. ऐकलं. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे."

म्हातारा पुढं आला. "काऊन गुरुजी? चातुर्मासात पोथी एकच जण वाचते, अन सारं गाव आयकते. मंग पुण्य काय त्या एकट्यालेच भेटते?"

सभेतले दोघं हसले. सचिव म्हणाले, "बरं. शेवटी काय होतं, सांगा."

"थो पेटी सोडून देते," तरुण गाडीवान म्हणाला. "अन बैल वाचवते. लई भारी केलं."

"का भारी केलं?" म्हातारा उसळला. "एका बैलावर शेती होते काय? दुसरा कुठी गेला? सोडाची व्हती तं पेटी आंधीच सोडाची, दोन्ही बैल..."

"थांबा! थांबा!" सचिवांनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. "पुढचं सांगू नका! मी अजून सतराव्यातच आहे!"

सभेतले वैद्यबुवा म्हणाले, "सतरावं? तुम्ही वाचताय?"

"कपाटात काय ठेवायचं, ते पाहायला नको?" सचिव म्हणाले. पण कानांवरचे हात काढले नाहीत.

पुस्तकाची नोंद त्याच सभेत झाली. कपाटात मात्र ते त्या दिवशी गेलं नाही. सचिवांनी नोंदवहीत पहिलाच वाचक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, पुस्तक काखेत मारलं आणि ते आम्हा सगळ्यांच्या आधी घरी निघाले.